टेकडी धरून ठेवणारा साहाय्यक

माझी सगळी नोकरी गाडीच्या डाव्या सीटवर गेली. उजवीकडे गिऱ्हाईक, डावीकडे मी. माझ्या हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही, आणि गाडी चालवणारा माणूस असा, की ज्याला मी थोड्या वेळापूर्वी पहिल्यांदा पाहिलेलं असायचं. मोटारीच्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला लोकांबरोबर जायचं, गाडीत काय काय आहे ते सांगायचं, आणि त्यांनी गाडी घेतली की ताबा देताना तेच सगळं पुन्हा एकदा सांगायचं, हे माझं काम. आधी बोरिवलीला, नंतर मुलुंडला. माझ्या हुद्द्याचं नाव अधूनमधून बदलायचं, काम तेच राहायचं. सुनंदा, माझी बायको, विचारणाऱ्याला सरळ सांगायची, "हे लोकांच्या शेजारी बसतात."

शेवटची बरीच वर्षं मी मुख्यतः एकाच प्रकारची गाडी दाखवली. छोटी एसयूव्ही. दिसायला जीपच्या घराण्यातली, उंच, छाती काढून उभी राहिलेली. पण लांबीला चार मीटरच्या आत, कारण त्या मापाच्या आत कर कमी बसतो. त्यामुळे गाडी बनवणारे पुढून रुबाब देतात आणि मागून कापतात. उपनगरातल्या माणसाला हीच गाडी का हवीशी वाटते, ते मला डाव्या सीटवरून चांगलं कळत असे. त्याला खड्ड्यांवरून आणि साचलेल्या पाण्यातून जाण्यासाठी उंची हवी असते, आईवडिलांना न वाकता आत बसता यायला हवं असतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तीच गाडी सोसायटीच्या दोन खांबांमध्ये मावायलाही हवी असते.

पत्रकात छापलेल्या गोष्टी सहसा कोणी विचारत नाही. लोकांचे शब्द तीन: पिकअप, अ‍ॅव्हरेज आणि डिकी. यातल्या पिकअपचं समजावून सांगावं लागे. या गाड्यांचं इंजिन लहान असतं, पण त्याला टर्बो असतो. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. गंमत अशी, की पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम झेप घेते. त्या क्षणात गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मी म्हणायचो, "थांबा, ती श्वास घेतेय." एवढ्यात गाडी निघायची आणि चेहराही परत जागेवर यायचा.

डिकीचं मात्र समजावून सांगावं लागत नाही. बोरिवलीला असताना गोराईहून एक कोळीण आपल्या मुलाबरोबर आली होती. हातात मासळीची रिकामी प्लास्टिकची पाटी. काचेच्या दारातून ती पाटी घेऊनच आत शिरली, एकाही गाडीच्या तोंडाकडे न बघता सगळ्यांच्या मागे गेली आणि मला म्हणाली, "डिकी खोल." पाटी आडवी ठेवली, उभी ठेवली, एकीवर दुसरी बसेल का ते हाताने मोजलं. मुलगा तोवर पुढे बसून छताची काच उघडत-मिटत होता. तिने वर बघितलं. "वरती भोक कनाला? कावला म्हावरा उचलून नेल." मुलगा म्हणाला, "आये, म्हावरा मागं असेल, भोक पुढं हाय." ती म्हणाली, "कावल्याला तू शिकवशील?" त्यांनी काच नसलेली गाडी घेतली. ताबा देताना तिने पहिली पूजा डिकीची केली.

मालाडचं एक कुटुंब होतं, त्यांची अडचण मधल्या सीटची. गाडी पाच जणांची, पण मागे तिघं बसले की मधल्याला खाली पाय ठेवायला उंचवटा आणि पाठीला कडक उशी. घरातली पाचही माणसं आळीपाळीने मध्ये बसून पाहत होती आणि प्रत्येक जण उतरताना म्हणत होता, "मला चालेल, पण आईला नको." शेवटी आई मध्ये बसली. दोन्ही बाजूंच्या नातवंडांच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "मी इथून हलणार नाही." माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याने जे जमलं नसतं, ते तिने बसल्या बसल्या केलं.

असं काही घडलं की मी ते घरी नेत असे. सुनंदा शाळेत मराठी शिकवायची. आम्ही दोघंही वाचणारी माणसं, बोलणं बेताचं, पण रात्री जेवताना ती विचारायची, "आज कोणाच्या शेजारी बसलात?" आणि मी सांगायचो. गाडी तिला चालवायची नव्हती, घ्यायचीही नव्हती. तिचा माझ्या धंद्याशी संबंध आला तो पत्रकामुळे.

एकदा कंपनीने गाडीचं माहितीपत्रक मराठीत करून पाठवलं. कुठल्याशा यंत्राने केलं असावं, किंवा घाईतल्या माणसाने. मी ते घरी नेलं. सुनंदाने लाल पेन घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर पेन खाली ठेवून हसायला लागली. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते माप, त्याचं मराठी केलं होतं 'जमिनीची मंजुरी'.

"गाडीबरोबर सातबारापण देता का हो?"

पुढे क्रूझ कंट्रोल होता. लांब मोकळ्या रस्त्यावर गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारी ती सोय. तिचं झालं होतं 'समुद्रपर्यटन नियंत्रण'. आणि त्याखाली हिल होल्ड असिस्ट. चढावर थांबून पुन्हा निघताना आपण ब्रेकवरचा पाय उचलतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवतो. त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत गाडी मागे घसरू नये म्हणून ती स्वतःच ब्रेक धरून ठेवते. पत्रकात त्याचं नाव छापलं होतं: 'टेकडी धरून ठेवणारा साहाय्यक'.

सुनंदा हसता हसता थांबली. म्हणाली, "हे चुकलंय, पण खोडवत नाही."

बाकी सगळं पत्रक तिने लाल करून दिलं. ती एक ओळ तशीच ठेवली. शोरूममध्ये कोणी दुरुस्त पत्रक विचारलं नाही, तो भाग वेगळा. पण मी तेव्हापासून गिऱ्हाइकांना हिल होल्ड सांगताना हेच नाव सांगू लागलो. लोक हसायचे आणि हसलेलं लक्षात राहतं.

आता परबांविषयी.

वसंत परब आमच्याकडे आले ते मुलीबरोबर. मुलीचं नाव प्राजक्ता, अंधेरीला ऑफिसात नोकरी करणारी, बोलायला तुरतुरीत. परबांनी आयुष्यभर एका कारखान्याची कामगारांची ने-आण करणारी बस चालवली होती. वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं, घर घाटकोपरच्या टेकडीवर. शोरूमच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना परबकाका म्हणालो. वयाने ते माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. त्यांनी पिकअप विचारला नाही, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही. म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीत चढेल का, तेवढं सांगा."

"चढेल."

"तुम्ही गल्ली बघितली नाही."

प्राजक्ताने सांगितलं ते असं. तिच्या आईचे, शालिनीबाईंचे, दोन्ही गुडघे गेलेले. एकाचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याला डॉक्टर थांबा म्हणत होते. घर टेकडीच्या माथ्यावर. रिक्षावाले चढ सुरू होतो तिथे ब्रेक मारून सांगतात, "ऊपर नहीं जाएगा." तिथून पुढे चालत. आई उतरायची ती फक्त दवाखान्यासाठी, आणि परत चढताना दर दुकानाच्या पायरीवर बसत बसत. हळूहळू तिने उतरणंच सोडलं होतं.

"तिला बाकी कशाचं काही नाही," प्राजक्ता म्हणाली. "मासळी बाजारात जाणं बंद झालं ना, त्याचं आहे. बाबा आणतात ते तिला पटत नाही."

"मी चांगलेच आणतो," परब म्हणाले.

"बाबा, प्लीज ना."

म्हणजे प्रश्न एकच होता: ही गाडी शालिनीबाईंना त्यांच्या दारापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून दारापर्यंत नेईल का. मी म्हणालो, "टेस्ट ड्राइव्ह इथे नको. तुमच्या गल्लीत करू. काकूंनाही बसवू." ऑटोमॅटिक गाडी काढली. प्राजक्ताचा तसा हट्ट होता. या वयात क्लच दाबत बसायला नको म्हणून. तिला ऑफिसला जायचं होतं, ती तिथूनच गेली.

इथे बाहेरच्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. खाली दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला काम नाही; त्याने बाजूच्या ठोकळ्यावर नुसतं बसायचं. नव्या मुलांना याचं काही वाटत नाही. पण जन्मभर क्लच दाबलेल्या माणसाचा डावा पाय रिकामा बसत नाही. गाडी हळू करायची वेळ आली की तो सवयीने उठतो, क्लच समजून समोर असेल त्या पेडलवर पूर्ण ताकदीने बसतो, आणि ते पेडल असतं ब्रेकचं. बसच्या क्लचवर घडलेला पाय असेल तर विचारायलाच नको.

पहिल्याच सिग्नलला परबांनी तो पाय मारला. माझा पट्टा छातीत रुतला, मागच्या रिक्षावाल्याने आमच्या खानदानाची चौकशी केली. परब शरमले. "साहेब, पाय ऐकत नाही."

प्राजक्ताने फोन केला होता, त्यामुळे शालिनीबाई टेकडीच्या पायथ्याशी येऊन बसल्या होत्या. वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर, काठी बाजूला ठेवून. उतरायला त्यांना बराच वेळ लागला असणार, पण ते दिसू देत नव्हत्या. मागच्या सीटवर त्या न वाकता, सरळ मागे होऊन बसल्या. "उंची बरी आसा," एवढंच म्हणाल्या.

गल्ली मी पाहिली, आणि शोरूममध्ये 'चढेल' म्हणालो ते जरा लवकर म्हणालो असं वाटलं. सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना घरांचे ओटे, ड्रम, उभ्या केलेल्या स्कूटर. मध्यावर पाण्याच्या टाकीपाशी काटकोनात वळण, आणि सगळ्यात खडा चढ नेमका त्या वळणात. परबांनी गाडी घातली. टर्बोने श्वास घेतला, सोडला, गाडी तोऱ्यात चढू लागली. गाडीतल्या पडद्यावर चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसत होती, पण त्यांची गरज नव्हती. गल्लीतली माणसं बाहेर येऊन सांगत होती.

"डावीकडे अजून आहे रे जागा!"

"कुठे आहे? माझा ड्रम आहे."

"ड्रम उचल मग, गाडी येतेय परबांची."

टाकीपाशी वरून एक हातगाडी उतरत होती. परबांनी वेग कमी केला, आणि त्यांचा डावा पाय उठला. गाडी वळणाच्या मध्यात, चढावर, दणकन थांबली. मागे शालिनीबाईंची काठी खाली पडली. परबांनी घाबरून दोन्ही पाय उचलले.

मी म्हणालो, "काही नाही होत. धरलीय तिने. ब्रेकवर परत उजवा पाय ठेवा." गाडी जागची हलली नव्हती. परबांनी पाय ठेवला.

मागून शालिनीबाईंचा आवाज आला. "क्लच मेलो, तरी ह्येंचो पाय त्येका शोधता."

गल्लीतले हसले, मी हसलो. परब हसले नाहीत. ते स्टिअरिंग धरून खाली बघत म्हणाले, "साहेब, राहू दे. प्राजक्ताला सांगा, गल्लीत जात नाही. मी हिला अशीच नेईन आणीन, हळूहळू."

मी आरशात पाहिलं. शालिनीबाई वर बघत होत्या, जिथे त्यांचं घर होतं तिकडे.

तेव्हा मी परबांना म्हणालो, "काका, डाव्या पायाची चप्पल काढा."

ही युक्ती माझी नाही. बोरिवलीला एका ट्रकवाल्याने स्वतःहून केलेली मी पाहिली होती. एकच चप्पल काढायची. अनवाणी पायाला ठोकळ्याचा थंड स्पर्श होतो आणि आपण घरात आहोत, कामावर नाही, हे त्याला समजतं. उजवा पाय चपलेत, म्हणजे तो कामावर. डोक्याने सांगून पाय ऐकत नाही, हे ऐकतो.

परबांनी चप्पल काढली. ती ठेवायची कुठे? पायाशी ठेवली तर पेडलखाली जाण्याची भीती. त्यांनी ती मागे दिली.

"आता चपला सांभाळूक बसवलास माका," असं म्हणत शालिनीबाईंनी ती घेतली आणि मांडीवर ठेवली.

"आता ब्रेक सोडा," मी म्हणालो. "मागे जाणार नाही. हिच्यात टेकडी धरून ठेवणारा साहाय्यक आहे."

"कोण आसा?" मागून प्रश्न.

मी पत्रकाचं सांगितलं. शालिनीबाईंनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग मोठ्याने, नवऱ्याला नव्हे, गाडीला विचारावं तसं विचारलं, "धरल्यान काय टेकडी?"

परबांनी ब्रेक सोडला. गाडी जागच्या जागी उभी. "धरल्यान," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मालवणी आली. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. एका फेरीत वळण बसलं, गाडी टाकी ओलांडून वर गेली आणि मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. समोरच परबांचं दार.

शालिनीबाई उतरल्या नाहीत. दाराकडे बघितलं, चप्पल नवऱ्याला देऊ केली, मग परत मागे घेतली. म्हणाल्या, "आता खाली चला. बाजार उघडो आसतलो."

शोरूमच्या नियमात टेस्ट ड्राइव्हला मासळी बाजार बसत नाही. आम्ही गेलो. त्यांनी बांगडे दाबून, कल्ले उघडून, तीन कोळणींशी भांडून घेतले आणि परतताना चढावर एकदाही खाली पाय टेकवला नाही. दाखवायच्या गाडीत त्या दिवसापासून जो वास राहिला, त्याचा खुलासा मी साहेबांपुढे काय केला ते सांगत नाही.

त्या रात्री सुनंदाने ही गोष्ट माझ्याकडून दोनदा सांगून घेतली. "मला ती गल्ली बघायचीय," म्हणाली. परबांचंही बोलावणं होतं, दोघांनी जेवायला या म्हणून. जाऊ म्हणता म्हणता राहिलं.

पुढे सुनंदाचा श्वास उणावला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्यातून आलं की ती पायऱ्या चढायची आणि मी एक पायरी मागे, तिच्या पाठीवर तळवा टेकवून. ती मध्येच थांबायची. पुढच्या पायरीसाठी पाय उचलण्याआधी मान न वळवता विचारायची, "साहाय्यक, धरली का टेकडी?"

मी म्हणायचो, "धरली."

मग ती पाय उचलायची. वर पोचलो की दाराला टेकून हसायची, धाप लागलेली असतानाही. ते हसणं मला अगदी जवळून ऐकायला मिळालं, याचं मला सुख आहे.

गेल्या वर्षी ती गेली. त्याआधी थोडे दिवस मी निवृत्त झालो होतो. घरी पुस्तकं पुष्कळ आहेत, वाचतो. वाचताना काही गमतीचं आलं की मान वर होते, सांगायला. मग शालिनीबाईंचं क्लचचं वाक्य आठवतं आणि मला माझंच थोडं हसू येतं. पायाला कळायला वेळ लागतो.

यंदा श्रावण संपल्यावर परबांचा फोन आला. "साहेब, उद्या न्यायला येतोय. हिने सांगितलंय, नाही म्हणालात तर उचलून आण." ते मुलुंडला माझ्या घरी आले, त्यांची स्वतःची गाडी घेऊन. तीच छोटी एसयूव्ही, प्राजक्ताने घेतलेली, पुढच्या आरशाला गावच्या देवाचा गंडा. शालिनीबाई मागे, शेजारी बाजाराची पिशवी. मी सवयीने डाव्या सीटवर बसलो. परबांनी बसल्या बसल्या डाव्या पायाची चप्पल काढली आणि न बघता मागे दिली. शालिनीबाईंनी न बघता घेतली.

"अजून लागते?" मी विचारलं.

"नाही हो. पाय कधीच शिकला," परब म्हणाले. "पण हिच्याकडे चप्पल नसली तर ही मागून गाडी चालवते."

"हातात आसली तर ह्येंका धाक रव्हता," शालिनीबाई म्हणाल्या.

गल्लीत शिरलो. ड्रम कायमचा आत सरकवलेला दिसला. टाकीच्या वळणात समोरून गॅसच्या टाक्यांची गाडी आली, आणि आम्हाला चढावर थांबावं लागलं. शांत थांबलो, धक्का नाही. टाक्यावाला गेला. परबांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

मागून, इतक्या वर्षांच्या रिवाजाने, प्रश्न आला. "धरल्यान काय टेकडी?"

परबांनी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्याआधी मीच म्हणालो, "धरली."

आणि गाडी वर निघाली.